भेटली का लाईन क्लिअर?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर या मराठी भागात हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी कानावर पडतो, आणि विचारणारा रेल्वेतला असतोच असं नाही. संत्र्याचा ट्रक भरून झाला आहे, ताडपत्री बांधली आहे, ड्रायव्हर चहा पिऊन परत आला आहे. तरी नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याला फोन लागेपर्यंत बागवाला गाडी सोडत नाही. आज तिथं आवक किती, भाव काय, माल उतरवायला जागा आहे का, हे सगळं विचारून तो फोन ठेवतो आणि म्हणतो, "भेटली लाईन क्लिअर. काढ गाडी." सोयरिकीच्या बोलण्यात मधला माणूस मुलीच्या मामाला हळूच बाजूला घेतो : "मंग तुमच्या इकडून लाईन क्लिअर समजू ना?" कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी हाच शब्द जरा वेगळ्या वाटेनं जातो, त्याकडे पुढे येऊच.

रेल्वेनं मराठीला शब्द पुष्कळ दिले. बिघडलेला संसार रुळावर येतो, चांगला चाललेला घसरतो, कर्तबगार अधिकाऱ्याला सायडिंगला टाकतात, मंत्री योजनेला हिरवा कंदील दाखवतात. यांतले बहुतेक शब्द आता झिजून गुळगुळीत झाले आहेत. 'गाडी रुळावर आली' म्हणताना कोणाला रूळ दिसत नाही, आणि हिरव्या कंदिलात तेल केव्हाच संपलं आहे. 'लाईन क्लिअर' हे दोन शब्द मात्र, निदान या भागात, अजून धार राखून आहेत. त्यांची चव घ्यायची तर ते जिथं जन्मले त्या खोलीत आधी जायला हवं, म्हणजे स्टेशन मास्तरच्या.

पांढुर्णा हे नागपूर आणि इटारसीच्या मधलं, दिल्ली-चेन्नई मार्गावरचं स्टेशन. इथून उत्तरेला निघालेली गाडी तीगावच्या अंगानं सातपुडा चढू लागते. रोज कितीतरी गाड्या इथून न थांबता धाडधाड जातात. पण न थांबणाऱ्या गाडीलाही इथल्या मास्तरनं पुढच्या मास्तरला विचारल्याखेरीज पुढे जाता येत नाही. विचारायची रीत घंटीची. एक ठोका : लक्ष द्या. तिकडून एक ठोका परत आला की दोन ठोके : लाईन क्लिअर आहे का? तिकडचा मास्तर आपल्याकडचं पाहतो आणि होकार असेल तर तेच दोन ठोके परत वाजवतो, आपल्या यंत्राचा काटा फिरवतो. गाडी सुटून मधल्या टापूत, म्हणजे ब्लॉक सेक्शनात, शिरली की तीन ठोके. ती पलीकडे नीट पोचली की चार. रद्द करायचं असेल तर पाच. सहा ठोके वाजले तर धोका. आता ठिकठिकाणी पॅनल आले, दिवे आले, फोन आले, यंत्रं बदलली. क्रम हाच राहिला आहे. आधी विचारणं, मग होकार, मग गाडी.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की हा शब्दप्रयोग मुळात प्रश्न आहे. मूळ संकेताचं नावच 'लाईन क्लिअर आहे का' असं. प्रश्नाचं पुढे नाम होऊन गेलं : लाईन क्लिअर मागतात, देतात, घेतात, नाकारतात. पण त्या नामाच्या पोटात प्रश्नचिन्ह तसंच राहिलं आहे. कळमन्याच्या अडत्याला फोन लावणारा बागवाला नेमकं तेच करतो. रस्ता मोकळा आहे हे त्यालाही ठाऊक असतं. तो रस्त्याचं विचारत नाही, पोचण्याचं विचारतो.

इथंच 'हिरवा कंदील' आणि 'लाईन क्लिअर' यांचे रस्ते फुटतात. हिरवा कंदील जिथून गाडी निघते तिथं दाखवतात. दाखवणारा समोर उभा असतो, लोक पाहतात, टाळ्या पडतात. म्हणूनच तो पुढाऱ्यांना आवडतो. लाईन क्लिअर देणारा कोसभर पलीकडे एका खोलीत बसलेला असतो. प्रवाशांना तो कधी दिसत नाही, त्याचा झेंडाही इथून दिसत नाही. आणि परवानगी मात्र त्याचीच लागते. पांढुर्ण्याच्या मास्तरच्या हातात गाडी आहे, इंजिन आहे, सिग्नल आहेत. फलाटाच्या टोकाला उभं राहून पाहिलं तर रूळ नजर पोचेल तिथवर रिकामे दिसतात. त्या दिसण्याला नियमात काडीची किंमत नाही. गाडी ज्याच्याकडे जायची आहे त्यानं ये म्हटलं पाहिजे.

दुहेरी मार्गावरच्या जुन्या ब्लॉक यंत्राचा काटा पाहिला तर आणखी एक मजा दिसते. काट्याच्या तीन जागा : लाईन क्लोज्ड, लाईन क्लिअर, ट्रेन ऑन लाईन. काम नसताना काटा उभा असतो तो 'लाईन क्लोज्ड'वर. म्हणजे रेल्वेच्या लेखी मार्ग मुळात बंद असतो. तो प्रत्येक गाडीपुरता उघडतात आणि गाडी पोचली की पुन्हा बंद करतात. आपण बोलताना नेमकं उलटं धरतो. रस्ते मुळात खुलेच असतात, आडवं कोणी आलं तर तेवढं दूर करायचं, अशी आपली समजूत. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत मथळे येतात, अमुक यांची लाईन क्लिअर. बातमी वाचावी तर प्रतिस्पर्ध्यानं अर्ज मागे घेतलेला असतो. याला मराठीत 'मैदान साफ' असा चांगला जुना शब्द आहे. त्यासाठी रेल्वेला तसदी द्यायची गरज नव्हती.

होकार देण्याआधी पुढच्या मास्तरनं काय पाहायचं, याच्या नियमात तीन अटी आहेत. नियमाच्या पुस्तकात त्या रुक्षपणे लिहिलेल्या आहेत, आणि त्या रुक्षपणातच गोडी आहे.

पहिली अट : आधीची गाडी पूर्ण आलेली असली पाहिजे. 'आलेली' म्हणून भागत नाही, 'पूर्ण' हवी. गाडी स्टेशनात शिरली, इंजिन दिसलं, डबे दिसले, एवढ्यानं मास्तरचं समाधान होत नाही. त्याचा माणूस शेवटच्या डब्याच्या पाठीकडे पाहत असतो. तिथं दिवसा 'एल. व्ही.' अक्षरांची पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. 'शेवटचा डबा' एवढाच तिचा मजकूर. ती पाटी दिसली की गाडी अख्खी आली. नाही दिसली तर डबे मागे तुटून राहिले असतील, घाटात मालगाडीचा जोड सुटून मागचा अर्धा भाग उतारावर उभा असेल. शेपटीचा दिवा नसलेली गाडी समोरून गेली तर त्यासाठी घंटीचा वेगळा संकेतच आहे : सहा ठोके, थोडं थांबून दोन. हल्ली कित्येक सेक्शनांत हे काम ॲक्सल काउंटर करतं. आत किती आस गेले आणि बाहेर किती आले हे मोजतं. हिशेब जुळला तरच सेक्शन रिकामा. यंत्रानं मोजलं काय आणि डोळ्यानं पाहिलं काय, मुद्दा तोच. मागचं काही वाटेत शिल्लक राहिलेलं नाही ना?

सोयरिकीत मामाला विचारलेला प्रश्न या अटीच्या उजेडात पुन्हा ऐकावा. मुलीचं किंवा मुलाचं आधी कुठं बोलणं झालं होतं का, आणि झालं असेल तर ते पुरतं मिटलं का, हे सगळं त्या एका 'लाईन क्लिअर'मध्ये विचारून होतं. बाईमाणसांच्या मेळ्यात याच गोष्टीला तास लागतो. शहाणा मामा लगेच हो म्हणत नाही. "उद्या सांगतो" म्हणतो. तो शेपटीचा दिवा पाहायला गेलेला असतो.

दुसरी अट : आधीच्या गाडीच्या पाठीमागे सिग्नल पुन्हा लाल केलेले असले पाहिजेत. गाडी घेतली आणि दार उघडंच राहिलं असं चालत नाही. ही अट लहान आहे, तिच्यावर फार रेंगाळायला नको. इतकंच म्हणतो की आपल्या बोलण्यात ही अट बहुधा गळून पडते, आणि पुष्कळ भानगडी तिथूनच सुरू होतात.

तिसरी अट मला सगळ्यांत आवडते. पुढच्या स्टेशनचा जो पहिला थांबवणारा सिग्नल, तिथपर्यंत मार्ग रिकामा असला म्हणजे झालं असं कोणालाही वाटेल. नियमाला तेवढं पुरत नाही. त्या सिग्नलच्याही पलीकडे काही अंतर मोकळं हवं : जुन्या दोन रंगांच्या सिग्नलपद्धतीत ४०० मीटर, बहुरंगी पद्धतीत १८० मीटर. कशासाठी? तर ड्रायव्हरचा ब्रेक थोडा उशिरा लागला, रूळ पावसानं निसरडे होते, मालगाडीचा भार अंगावर आला आणि गाडी सिग्नल ओलांडून थोडी पुढे सरकली, तर तेवढ्यानं कोणावर जाऊन आदळू नये. चूक होणारच असं गृहीत धरून तिच्यासाठी राखलेली ही जागा. ये म्हणणाऱ्यानं नुसती येण्यापुरती जागा करून भागत नाही, येणाऱ्याच्या चुकीपुरतीही जागा करावी लागते. पाहुणा बोलावताना, सून आणताना, नवा माणूस नोकरीवर घेताना आपण 'लाईन क्लिअर' म्हणतो तेव्हा हे १८० मीटर किती जणांनी मोजलेले असतात?

एकेरी मार्गावर या दोन शब्दांना हातात धरता येईल असं शरीर होतं. एकाच रुळावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या जायच्या, तेव्हा होकार नुसता घंटीनं देऊन भागत नसे. पुढच्या मास्तरनं होकार दिला की मागच्या मास्तरच्या यंत्रातून एक धातूचा गोळा बाहेर पडे. दोन्ही टोकांची यंत्रं अशी जोडलेली की त्या टापूचा एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवी एका मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती देत; गाडी न थांबणारी असली तर चालत्या गाडीत झेलायचा आणि आधीचा टाकायचा. गोळा हातात म्हणजे सेक्शन आपला. यंत्रं बिघडली तर कागदावर लिहून लाईन क्लिअर देतात, आणि त्यावर पुढच्या मास्तरनं सांगितलेला खासगी नंबर असतो. हे नंबर दोन्ही मास्तरांकडच्या छापील तक्त्यांतून घेतात आणि वापरला की खोडतात. नंबर कागदावर आहे म्हणजे पलीकडे खरोखर कोणीतरी जागा होता आणि त्यानं खरोखर होकार दिला. 'त्यांनी हो म्हटलं असं समजायला हरकत नाही' या जातीच्या होकाराला रेल्वेत जागा नाही.

होकार हाती आला तरी तो वाचावा लागतो. वेल्समधल्या ॲबरम्यूल स्टेशनवर २६ जानेवारी १९२१ रोजी हेच राहून गेलं. केंब्रियन रेल्वेचा तो एकेरी मार्ग, प्रत्येक सेक्शनची वेगळी तबकडी, तिच्यावर सेक्शनचं नाव कोरलेलं. एका गाडीनं आपला सेक्शन संपवून जी तबकडी स्टेशनात जमा केली, तीच तबकडी स्टेशनातल्या माणसांच्या हातून हातात फिरत पुन्हा त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडे गेली. त्याला वाटलं पुढची मिळाली. नाव कोणीच वाचलं नाही. गाडी निघाली, समोरून एक्स्प्रेस येत होती. १७ माणसं गेली. यंत्रं चोख होती, नियम चोख होते, तबकडीवरची अक्षरंही स्पष्ट होती. वाचणाऱ्यानं वाचायचं तेवढं सोडलं होतं. लिहिण्या-वाचण्याचा धंदा असलेल्या माणसाला ही हकिकत फार वेळ विसरता येत नाही.

आता क्रियापदाकडे. स्टेशनात लाईन क्लिअर मागतात आणि देतात. दोन माणसं, दोन क्रियापदं. बाहेरच्या बोलण्यात शब्द आला तेव्हा पुण्या-मुंबईकडे त्याचं क्रियापद 'असणे' झालं : लाईन क्लिअर आहे. झालं, देणारा गेला. राहिली नुसती स्थिती, रस्त्यात कोणी नसल्याची. मागणं-देणं गळालं आणि 'लाईन क्लिअर' हा 'रस्ता मोकळा'चा इंग्रजी वेषातला भाऊ होऊन बसला. पांढुर्णा-सौंसरकडे मात्र ती 'भेटते'. मिळण्याला भेटणं म्हणायची विदर्भाची आणि या भागाची ही सवय. तिच्यावर हिंदीच्या 'मिलना'ची सावली आहे असं म्हणतात, आणि पुस्तकी मराठीवाले तिला नाकं मुरडतात. वस्तू मिळतात, माणसं भेटतात, असं ते शिकवतात. भाकरी भेटली, पगार भेटला, हे त्यांना अशुद्ध वाटतं. इतर ठिकाणचं मी पाहत नाही, पण लाईन क्लिअरच्या बाबतीत तरी 'भेटली' हेच बरोबर क्रियापद आहे. परवानगी हवेत मोकळी पडलेली नसते, ती कोणाच्या तरी तोंडून येते. ती 'भेटली' म्हटलं की पलीकडचा माणूस वाक्यात परत येतो. 'भेटली का' या प्रश्नातच 'कोणाकडून' हा प्रश्न दडलेला असतो, आणि तो लगेच विचारलाही जातो : "बापाकडून भेटली का नुसती मायकडून?"

पोरांची वाट म्हटलं ती इथं येऊन मिळते. मराठीत, हिंदीत, सगळीकडेच पोरं 'लाईन मारतात', आणि नशीब असेल तर पोरगी 'लाईन देते'. या दोन क्रियापदांतलं अंतर रेल्वेच्या नियमाइतकंच काटेकोर आहे. मारणारा एकटा असतो, त्याला पलीकडच्या कोणाची गरज नाही. दिलेली लाईन मात्र देणारीनं दिली तरच असते. मग दोस्त विचारतात, "काय गा, लाईन क्लिअर हाय का?" इथं 'लाईन'च्या दोन अर्थांचा सांधा बसतो आणि हशा पिकतो. टवाळ पोरांच्या या विनोदात अडाणीपणा आहेच, पण देणारी दुसरी बाजू आहे हे त्यांच्या भाषेला तरी ठाऊक आहे. ते कृतीला ठाऊक झालं तर आणखी बरं.

पलीकडून होकार न येता निघालेल्या गाडीची गोष्ट पांढुर्ण्याला कोणी सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथल्या जाम नदीत गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत, प्रशासन दरवर्षी समजावतं. यामागची आख्यायिका सांगतात ती अशी : पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून आणत होता, दोघं नदीच्या पात्रात पोचली आणि दोन्ही गावांनी दगड उचलले. गोष्टीची बरीच रूपं आहेत; त्यांतल्या एकात दोघं मधल्या पात्रातच गेली. या रूपात मला नेहमी खटकतो तो तिचा भूगोल. मुलगी सावरगाव सोडून निघाली हे सावरगावला मान्य नाही, हे समजतं. पण मुलगा तर पांढुर्ण्याचा, गाडी आपल्याच स्टेशनला येत होती. तिथूनही दगडच आला. दोन्ही टोकांचे काटे 'लाईन क्लोज्ड'वर, आणि दोन जीव ब्लॉक सेक्शनात. रेल्वेनं इतकी यंत्रं लावली ती नेमकी हीच अवस्था टाळायला.

सौंसरची कथा वेगळी. तिथं मोठी लाईन नव्हती. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्यात अरुंद रुळांचं जे जाळं विणलं, त्यातल्या छिंदवाडा-नागपूर फाट्यावरचं हे स्टेशन. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. पांढुर्ण्याच्या रुंद मार्गावर तेच १६७६. रामाकोन्याच्या बाजूनं घाट उतरून येणारी ती छोटी गाडी २०१५ साली गेज बदलण्यासाठी बंद झाली, आणि पुढे काही वर्षांनी रुंद रूळ आले. मधल्या काळात सौंसरला गाडीच नव्हती. शब्द मात्र चालू होता. सौंसरच्या बाजारात त्या वर्षांतही माणसं एकमेकांकडे लाईन क्लिअर मागत होती आणि ती भेटतही होती. शब्दाला रूळ लागत नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात आहेत आणि आता दोन्हीकडे रुंद रूळ आहेत. तरी पांढुर्ण्याच्या मास्तरनं सौंसरच्या मास्तरला आजवर कधी दोन ठोके दिलेले नाहीत. दोन्ही स्टेशनांच्या मध्ये रूळच नाहीत. मोटारीनं तासाभराचा रस्ता. रेल्वेनंच जायचं म्हटलं तर एक तर महाराष्ट्रात नागपूरला उतरून इतवारीहून परत वर यायचं, नाही तर आमल्याहून छिंदवाड्याचा वळसा घ्यायचा. त्यात भर म्हणून पांढुर्णा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, तर सौंसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. नागपूर एक, विभाग दोन. मध्य प्रदेशातली दोन मराठी गावं आणि दोघांचाही कारभार नागपुरातून, पण वेगवेगळ्या कचेऱ्यांतून. असली गंमत कल्पनेतून रचली तर वाचक म्हणेल, फार जुळवून आणलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशची राजधानी राहिलं नाही आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच मागे राहिला, त्याच्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा. सरहद्द आखली गेली. सोयरिकी मात्र काटोल, नरखेड, वरूड, सावनेरशी पूर्वीसारख्याच होत राहिल्या. शाळा नि कचेरी हिंदीत, घर नि बाजार मराठीत. 'लाईन क्लिअर' हा शब्द अशा ठिकाणी टिकला यात नवल नाही. तो दोन्ही भाषांचा नाही, म्हणून दोन्ही भाषांत बिनतक्रार चालतो.

वेगळा जिल्हा मागायलाही पांढुर्ण्यानं बरीच वर्षं घंटी वाजवली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सौंसरजवळच्या जाम सावळीला, झोपलेल्या मारुतीच्या ठिकाणी, जिल्ह्याची घोषणा केली. अधिसूचना निघाली ५ ऑक्टोबर २०२३ ला; ९ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. चार दिवस इकडेतिकडे झाले असते तर काटा पुन्हा उभा राहिला असता. "भेटली गा एकदाची लाईन क्लिअर," असं तेव्हा लोक म्हणाले असतील तर ते शब्दशः बरोबर होतं. कारण लाईन क्लिअरचा एक बारकावा असा आहे की ती गाडीला फलाटापर्यंत आणत नाही. ती फक्त पुढच्या स्टेशनच्या पहिल्या सिग्नलपर्यंतची परवानगी आहे. आत घ्यायचं की नाही, कोणत्या लाईनीवर घ्यायचं, केव्हा घ्यायचं, हे तिकडचा मास्तर मग ठरवतो. लाईन क्लिअर मिळालेली गाडी आऊटरला उभी राहू शकते, आणि राहते. नागपूरजवळ आलेल्या प्रवाशाला हे समजावून सांगावं लागत नाही. घरची दिवे लागलेली खिडकी दिसते आहे आणि गाडी हलत नाही. ये म्हणणं आणि आत ये म्हणणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे जिल्ह्याला कळतं, कर्ज मंजूर झालेल्या शेतकऱ्याला कळतं, आणि साखरपुडा होऊन दोन वर्षं झालेल्या पोरीलाही.

होकार देणाऱ्यावर त्या होकाराचं ओझं किती असतं, हे आपल्या बोलीत सहसा येत नाही. लाईन क्लिअर घेणारा मोकळा असतो. त्याची गाडी निघालीच नाही तर पाच ठोके वाजवून तो रद्द करून घेतो. देणारा मात्र दिल्या क्षणापासून बांधला जातो. ज्या मार्गावरून गाडी यायची, त्यावर आता त्याला डबे हलवता येत नाहीत, इंजिन पुढेमागे करता येत नाही, राखलेल्या त्या १८० मीटरमध्ये काही उभं करता येत नाही. ये म्हटलंस ना, मग आता वाट अडवू नकोस. रेल्वेच्या भाषेत या पुढेमागे करण्याला शंटिंग म्हणतात.

हा शेवटचा बारकावाही इथल्या बोलीनं हेरला आहे. सौंसरकडच्या एका बैठकीत मुलाकडच्यांनी होकार दिला होता, नारळ झाला होता, आणि मग कळलं की मुलगा अजून वरूडला एक आणि काटोलला एक अशा मुली पाहून येतो आहे. मुलीचा मोठा काका शांतपणे सुपारी कातरत बसला होता. त्यानं वर न पाहता मुलाच्या बापाला विचारलं, "लाईन क्लिअर देऊन बसले, अन् आता शंटिंग काहून करून रायले?" मुलाच्या बापानं चहाचा कप खाली ठेवला आणि टोपी नीट केली.